उंबऱ्यावरचे बूट

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीतून आली आणि हल्लीच्या सवयीनं बूट न काढताच उंबऱ्यावर टेकली. लेकीच्या नावाजलेल्या कॉलेजसाठी कर्ज काढायचं ठरल्यापासून तिनं संध्याकाळचीही ड्यूटी धरली होती. मध्ये बूट काढले, तर सुजलेले पाय परत आत शिरत नसत. लेकीनं चहा हातात दिला आणि एका दमात सांगितलं, "मी इथल्याच कॉलेजात जाणार. फी माफ आहे. तिकडची सीट सकाळीच सोडली." आई भडकली. "दैव देतं आणि कर्म नेतं! माझ्यासारखी जन्मभर चादरी धुवत राहणारेस का?" "मला ते आवडलंच नव्हतं," लेक पुटपुटली. "आवडलं नव्हतं म्हणे! फोटो बघत तासन्‌तास बसायचीस, दिसत नव्हतं मला?" चहा निवला, दुसऱ्या ड्यूटीची वेळ झाली, तरी तोंडाचा पट्टा चालूच होता. बडबडतच आई वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.