दहा कवड्या

साहेबांनी घेतलेली अकरावी कवडी गजाननानं चौरंगावरून उचलली आणि डब्यात परत टाकली.

"साहेब, दहाच."

लक्ष्मण आणि शाम, गजाननाच्याच कचेरीतले दोघे कारकून, एकमेकांकडे बघायला लागले. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. इथं तर साहेब पाहुणा म्हणून घरी आलेला, पोहे खाऊन झालेले, आणि गजाननाला आताच नियम आठवला होता.

इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या, गजाननाच्या या घरात दर रविवारी दुपारी मोहीम निघायची. खेळ गजाननानंच रचलेला. चौरंगावर खडूनं डोंगर, नदी आणि किल्ला काढायचा. प्रत्येकानं आपला एक गडी घडवायचा. त्यासाठी दहा कवड्या मिळायच्या. त्या बळ, बुद्धी, वाणी आणि नजर यांच्या घरांत हव्या तशा लावायच्या, पण एका गुणावर चारांहून जास्त नाहीत. मग गजानन सांगायचा, नदीला पूर आलाय, नाव फुटलीय, बोला, काय करता? ज्याच्या गड्याकडे जे असेल ते त्यानं पुढं करायचं आणि सगळ्यांनी मिळून पार व्हायचं. गजाननाची आई गंगूबाई हिला आताशा दिसत नव्हतं, तरी तीही खेळायची. तिनं नजरेवर पुऱ्या चार कवड्या लावल्या होत्या. अंधारात शत्रूची छावणी सगळ्यांत आधी तिलाच दिसायची.

कचेरीत या खेळाची चर्चा ऐकून अच्युतराव साहेब आज स्वतः आले होते.

"माझा गडी सरसेनापती आहे," साहेब म्हणाले. "त्याला चारही गुण पूर्ण पाहिजेत. सरसेनापतीला काही कमी असून कसं चालेल?"

"बिलकुल सही, साहेब!" लक्ष्मणनं आपल्या दोन कवड्या पुढं सरकवल्या. "माझ्या घ्या. माझ्या गड्याला अक्कल नसली तरी चालतं." ते खरंच होतं. शामनंही दोन दिल्या. तरी सोळाला दोन कमी पडत होत्या.

मध्य प्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग इंदूरच्या कचेऱ्या निघाल्या. कपाटं ट्रकांत चढत होती आणि कपाटांबरोबर माणसंही. कोणाला न्यायचं आणि कोणाला इथं ठेवायचं, ते साहेब ठरवणार होते. तिघांपैकी कोणालाच इंदूर सोडायचं नव्हतं. गजाननाचं तर काळीजच इथं अडकलं होतं. त्याची आई या गल्लीत पायांनी बघायची. देवळाची पायरी, पाणपोई, शेववाल्याचं दुकान, सगळं तिला चालून पाठ होतं. भोपाळला ती एका खोलीत खाटेवर बसून राहिली असती.

"काकू, तुमच्या दोन द्या ना," लक्ष्मण म्हणाला आणि त्यानं गंगूबाईच्या नजरेच्या घरात हात घातला.

गजाननानं त्याचं मनगट धरलं.

"ठेव."

"अरे भिया, माझ्या भावा, मजाक आहे यार. खेळच तर आहे!"

"खेळ आहे म्हणूनच ठेव." त्यानं लक्ष्मणच्या कवड्या लक्ष्मणला दिल्या, शामच्या शामला. मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, ज्याच्याकडे सगळंच आहे त्याला सोबत कशाला पाहिजे? मग बाकीच्यांनी इथं बसून काय करायचं? माझ्या आईलाही दहाच दिल्यात. तुम्हालाही दहाच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आज मोहीम निघणार नाही."

साहेबांनी काळी टोपी डोक्यावर ठेवली, जोडे घातले आणि ते निघून गेले. जाताना गंगूबाईला नमस्कार मात्र केला.

"आ बैल, मुझे मार!" लक्ष्मणनं कपाळावर हात मारून घेतला. "दोन कवड्यांसाठी भोपाळ ओढवून घेतलंस, भिया. आता काकूंना घेऊन जा तिकडे."

गजानन घाबरला होता. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा तेच म्हणाला असता, हेही त्याला ठाऊक होतं. गंगूबाईनं चौरंगावर हात फिरवून आपल्या चार कवड्या चाचपल्या. जागच्या जागी होत्या. "चला," ती म्हणाली, "पुराचं काय झालं पुढं?"

सोमवारी सकाळी साहेबांनी तिघांनाही खोलीत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"पुढच्या महिन्यात मी भोपाळला चाललोय. तिथं नवी कचेरी उभी करायचीय. माणसं माझ्या पसंतीची नेणार." त्यांनी गजाननाकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुमच्यासारखा अडेलतट्टू मला तिथं नको. तुम्ही इथंच राहा, जुनी दप्तरं सांभाळत."

गजाननाला आधी आईचे पाय आठवले, देवळाच्या पायरीवर न अडखळता चढणारे. त्याचे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, शिक्षा बरोबर लागली.

"लक्ष्मण, शाम, तुम्ही दोघं बिस्तरा बांधा."

लक्ष्मणच्या तोंडचं पाणी पळालं. "पण साहेब, आम्ही तर... आम्ही आमच्या कवड्यासुद्धा तुम्हाला दिल्या होत्या!"

"म्हणूनच तर," साहेब प्रेमानं म्हणाले. "अशी माणसं मी मागं कशी सोडू?"