हॉलमधली आकाशवाणी

"अगं, व्यसन लागेल हो तुला याचं," सासूबाई म्हणाल्या होत्या. नवरा तेव्हा स्टुलावर चढून हॉलमधल्या पुस्तकांच्या फडताळावर कॅमेरा बसवत होता. तिनं ते हसण्यावारी नेलं. "आई, मी शिकायला चाललेय, टीव्ही बघायला नाही."

तिला धास्ती एकच होती. ढमू अजून दोन वर्षांचाही नव्हता. युरोपातल्या विद्यापीठात एक सत्र, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तेवढ्यात पोरगा आपल्याला विसरला तर? पोचल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला, तर तिचं तोंड बघून त्यानं असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू धावत आल्या. इकडे तिलाही आवरेना. त्याच दिवशी तिनं ठरवलं, तोंड दाखवायचं नाही. कॅमेऱ्यातून तो आपल्याला दिसतो, आपला आवाज त्याला ऐकू जातो. आणखी काय पाहिजे?

मग सुरू झाली आकाशवाणी. हे नाव सासूबाईंनीच ठेवलं.

"डाव्या पायातला मोजा उलटा आहे त्याचा," फडताळ बोलायचं. "अहो, खिडकी लावा, शिंकला तो." "आई, घास गालात धरून बसलाय बघा. गिळलेला नाही."

सासूबाई आधी दचकल्या, मग चिडल्या आणि शेवटी फडताळाशी रीतसर भांडू लागल्या. "लोक युरोपात जाऊन राजवाडे बघतात. तू मोजे बघ!"

खोटं नव्हतं ते. ती शिकत होती आर्किटेक्चर. एकदा सगळा वर्ग शहरातल्या उंच मनोऱ्यावर चढला. बाकीचे नदी बघत होते, लाल कौलं बघत होते. ही फोनमध्ये ढमूनं औषध थुंकलं का ते बघत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी वरून दिसलेलं शहर आठवून काढायला सांगितलं. हिच्या कागदावर मनोऱ्याचा जिना उतरला, आणि पुढे चढणाऱ्याचे बूट.

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "जिना सुरेख आहे. पण शहर कुठे गेलं?"

"खालीच राहिलं, सर," ती म्हणाली.

तरी ती खुशीत होती. कारण ढमू तिला विसरला नव्हता. उठल्या उठल्या तो फडताळापाशी यायचा, मान वर करून कॅमेऱ्याच्या निळ्या दिव्याकडे बघायचा. "आई, गाडी!" म्हणत हातातली गाडी उंच धरायचा. "बघितली रे सोन्या!" फडताळ म्हणायचं. मग स्वारी दिवसभर खूश.

"आता एकदा व्हिडिओ कॉल कर की," नवरा म्हणायचा. "मोठा झालाय तो. नाही रडायचा."

"कशाला? दिसतोय ना मला."

सत्र संपलं. ती घरी आली तेव्हा दोन्ही खांद्यांना पिशव्या होत्या, आणि तिकडच्या वाऱ्याला वैतागून केस मानेपर्यंत कापलेले होते. नवऱ्यानं दार उघडलं. "ढमू, पळ, बघ कोण आलं!"

ढमू आला. हाक मारायचंही भान तिला राहिलं नाही. पिशव्या टाकून ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात पसरले. ढमूनं तिला खालून वर नीट न्याहाळलं. शहाण्या मुलासारखा हसलाही. मग वळला, तुरुतुरु फडताळाकडे धावला आणि मान वर करून ओरडला, "आई! पाहुने आले!"

नवऱ्यानं जीभ चावली. सासूबाई उगाचच पिशव्या आवरू लागल्या.

ढमू वाट बघत उभा राहिला. फडताळ गप्प. "आई?" त्यानं पुन्हा हाक मारली. त्याचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. तो ओठ तिनं कॅमेऱ्यातून हजारदा पाहिला होता. पुढे काय होतं हे तिला पाठ होतं. ती तशीच स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं फोन काढला.

"हो का रे सोन्या?" फडताळ म्हणालं. आवाज जरा ओला होता, पण ढमूला चालला. "मग पाहुण्यांना पाणी नको द्यायला?"

थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात आला. आजीनं भरून दिलेला पेला दोन्ही हातांनी धरून, निम्मं पाणी फरशीवर सांडत.

"घ्या," तो अदबीनं म्हणाला. "आईनं दिलं."

तिनं पेला घेतला. उरलेलं पाणी एका घोटात प्यायली. तोवर तो पळालाही होता. "दिलं, आई!" हॉलमधून त्याची आरोळी आली.

तिच्या हातातल्या फोनमध्ये तो स्वच्छ दिसत होता. मान वर, डोळे निळ्या दिव्याला चिकटलेले. बटणावर नुसतं बोट टेकवायचा अवकाश, फडताळानं शाब्बासकी दिली असती आणि सगळं सुरळीत चाललं असतं.

तिनं फोन बंद केला. ओट्यावर पालथा ठेवला. आणि ओल्या फरशीवर उभी राहून, डोळे गच्च मिटून, तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "शाब्बास रे, सोन्या!"

आता तिला डोळे उघडायचा धीर होत नाहीये. तुम्हीच जरा हॉलमध्ये डोकावून सांगता का? तो अजून फडताळाकडेच बघतोय, की वळलाय स्वयंपाकघराच्या दाराकडे?