मागच्या खोलीतला अल्बम

घटस्फोटानंतर माहेरी आले आणि मागच्या खोलीत, दाराला गादी टेकवून, दहा गाणी रेकॉर्ड केली. प्रत्येक गाण्यात आईच्या शिवणमशीनची खडखड शिरली. थांबव म्हटलं की "ऑर्डर आहे" म्हणायची. त्याच रागात शेवटचं गाणं लिहिलं: लेकीच्या रडण्यापेक्षा हिला गिऱ्हाइकांचे झगे मोठे. अल्बम आला, अनोळखी लोकांनी नेमकं तेच गाणं डोक्यावर घेतलं. आज आई हेडफोन लावून सगळा अल्बम ऐकत होती. मी धुतलेले कप पुन्हा धुतले, पडदा दोनदा सारखा केला, तरी ती मान वर करेना. अखेर तिने हेडफोन काढले. "खडखड जास्तच आलीय गं. कापड नसलं की मशीन असंच वाजतं." "कापड नव्हतं?" "नुसतंच चालवायचे. तू गाता गाता रडायचीस, आणि पलीकडे बाबा. त्यांना कळू द्यायचं नाही, असं तूच बजावलं होतंस."