जुळणारा भाऊ

यंत्र जांदिरच्या तळहातांजवळ नेताच ते असं कडकडायला लागलं, की त्याच्या आईने, दोना दाल्वांनी, कानांवर हात ठेवले.

"मागे व्हा, आई," यंत्र धरलेली बाई म्हणाली. तिचं नाव एलोइझा. किरणोत्साराची तपासणी करणाऱ्या पथकाची ती प्रमुख होती. "धाकटा कुठाय?"

आदेल्मो पुढे आला. नुकताच आंघोळ करून आला होता. यंत्र त्याच्या केसांपासून चपलांपर्यंत फिरलं. मोकळ्या हवेत होते तेवढीच टकटक झाली.

"याच्या अंगावर काही नाही."

"ऐकलंस, आई? जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी स्वच्छ म्हटलं."

कुणी हसलं नाही. जांदिर भिंतीला टेकून ओकत होता.

दोघा भावांचं भंगाराचं आवार होतं. बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यातून त्यांनी ट्रकभर लोखंड उचललं होतं. त्यात शिशाचा एक जड डबा होता. तो फोडायचं काम खरं तर आदेल्मोचं. पण त्याने पाठ दुखत असल्याचं सांगितलं आणि शेडमागे हलकं काम घेऊन बसला. कारखान्याच्या धुराड्यावर वीज पडू नये म्हणून लावलेल्या सळया होत्या, त्यांची टोकं तो घासत बसला. डबा जांदिरने फोडला. आत मिठासारखी भुकटी होती. ती त्याने हातानेच झाडून टाकली.

बेलो ओरिझोंची शहरातल्या इस्पितळात जांदिरला काचेआड ठेवलं. त्याचे हात मनगटापर्यंत भाजल्यासारखे सोलून निघाले होते. बाहेरच्या बाकावर दोना दाल्वा दिवसभर बसून राहायच्या. एके दुपारी एलोइझा कॉफीचे दोन कप घेऊन त्यांच्याजवळ आली.

"हे किरण असतात तरी कसे, बाई? मला कळेल असं सांगा."

"मुख्य तीन जाती. आल्फा जाडजूड, त्याला साधा कागदसुद्धा अडवतो. बीटा कातडीत थोडा शिरतो आणि भाजतो. जांदिरच्या हातांना तोच लागला. गामा मात्र आरपार जातो. मांस, हाड, भिंत, त्याला काही नाही. त्यानेच जांदिरच्या हाडांतली मज्जा जाळली. आता रक्तच तयार होत नाहीये."

"म्हणजे माझ्या पोराच्या नशिबी सगळ्यात वाईटच आला. कागदाने अडणारा आला असता तर?"

"बाहेरून आला असता, तर काही झालं नसतं," एलोइझा म्हणाली आणि कप उचलून निघून गेली.

डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला. दुसऱ्या कुणाची तरी मज्जा द्यायची, आणि तीही जुळणारी. रक्त तपासलं. आदेल्मोचं तंतोतंत जुळलं.

त्याच संध्याकाळी आदेल्मो गायब झाला.

गावातल्या दारूच्या दुकानात दोना दाल्वांना तो सापडला. समोरचा ग्लास भरलेलाच होता.

"सुईला भितोस?"

"नाही."

"मग? भाऊ मरतोय तिकडे."

"तो माझं काम करत होता, आई. पाठ दुखत नव्हती माझी. त्याला काय तोंड दाखवू?"

दोना दाल्वांनी त्याच्या दंडाला धरलं. "तोंड नको दाखवूस. हाडं दाखव. चल."

तो उठला.

काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन होता. जांदिरच्या डोक्यावर केस उरले नव्हते. फोनही नर्सने त्याच्या कानाला धरला होता.

"आलास होय रे, ऐतखाऊ?"

"आलो, दादा."

"जन्मभर मज्जा केलीस. आता जरा मला दे."

आदेल्मो हसायला गेला आणि रडला. "सगळी घे," तो म्हणाला. "दादा, तो डबा..."

"गप रे. मला ठाऊक होतं. तुझी पाठ फुटबॉलच्या दिवशी बरी दुखत नाही!"

दोना दाल्वांनी तोंड फिरवलं. कित्येक दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

ठरलेल्या सकाळी आदेल्मो हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर पडला होता. दोना दाल्वांनी घरून चीजचे पाव भाजून आणले होते, शुद्धीवर आल्यावर त्याला द्यायला. काचेआडून जांदिरने पट्ट्यांत गुंडाळलेला हात वर केला. आदेल्मोनेही केला.

खाट आत न्यायची, तेवढ्यात एलोइझा आली. तिने नर्सला थांबवलं आणि आदेल्मोच्या उशाशी बसली.

"तुमची लघवी तपासायला रिओला पाठवली होती, तिचा अहवाल आला. त्या सळयांची टोकं घासताना धूळ उडत होती?"

"उडणारच. नाकातोंडात जात होती. का?"

"जुन्या सळयांच्या टोकांना किरणोत्सारी पत्रा लावायचे. आल्फावाला."

"पण यंत्र तर गप्प होतं!" दोना दाल्वा म्हणाल्या. "तुमच्याच हातात होतं."

"आल्फा कातडीतून बाहेरही येत नाही, आई. म्हणून यंत्राला ऐकू गेला नाही." एलोइझाने आदेल्मोचा हात हातात घेतला. "याची मज्जा आता कुणालाच देता येणार नाही. ती धूळ याच्या हाडांत जाऊन बसलीय."