दोन मिनिटांचं गाणं

"ताई, हे हल्ली जेवतानासुद्धा कानातले इयरफोन काढत नाहीत. एकदा बोला ना त्यांच्याशी," भावजय म्हणाली होती. मी हसले. "अगं, शाळेपासून रॅपवेडा आहे तो!"

शुक्रवारी तिकडच्या, अमेरिकेतल्या रॅपर्सचे नवे अल्बम आले की धाकट्या भावाची लिंक आलीच, सोबत टोमणा: "हल्ली गाणी दोनच मिनिटांची असतात ताई, तेवढं तरी ऐक. आता ते गाड्या-बंगले सोडून रडण्यावर रॅप करतात." कडेवर बाळ, हातात दुधाची बाटली. मी न ऐकताच लिहायचे, "एकदम भारी रे!"

त्या शुक्रवारी, वर्षभर ज्याची चर्चा होती तो अल्बम आला. त्याच्या लिंकखाली आणखी एक गाणं होतं. मी दोन्हींना मिळून "एकदम भारी रे!" लिहिलं. त्याचा नुसता अंगठा आला.

सोमवारी त्याने जीव दिला.

ते खालचं गाणं मी त्यानंतर लावलं. बीट तिकडचाच होता. आवाज मात्र माझ्या भावाचा, आणि शब्द आपले: "ताई, फार एकटं वाटतंय गं, एकदा येऊन जा."

तुम्हालाही कुणी सारखी गाणी पाठवत असेल, तर 'भारी' नंतर लिहा. आधी फोन करा, आणि तो "बरा आहे" म्हणाला तरी लगेच ठेवू नका.