भीतीसकट सही

कुमुदिनी सावर्डेकरांच्या मनगटावरचा भीती मोजणारा पट्टा लालच होता. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हृदयाची झडप बदलून घ्यायला त्या तयार होत्या. पण घाबरलेल्या रुग्णाची संमती आता कायद्यानं चालत नसे. पट्टा हिरवा होईपर्यंत सही घेता येत नव्हती.

"आजी, मन शांत करणारी ही गोळी घ्या, मग सही करा," डॉक्टर म्हणाले.

"गोळीनं केलेली सही माझी कशी? महापुरात मी होडीतून अकरा माणसं बाहेर काढली. तेव्हाही हातपाय लटपटतच होते. हा पट्टा असता तर तुम्ही मला घरी बसवलं असतं."

त्यांची मुलगी वृंदा चकित झाली. "आई, तू घाबरली होतीस?"

"खूप."

पट्टा लाल असला तरी स्वतःच्या जबाबदारीवर सही घेण्याची मुभा डॉक्टरांना होती, पण त्यांनी ती कधी वापरली नव्हती. आज त्यांनी लिहिलं, 'रुग्ण घाबरल्या आहेत. निर्णय त्यांचाच आहे.'

पट्टा लाल असतानाच कुमुदिनीबाईंनी सही केली. वृंदा नर्सला अभिमानानं म्हणाली, "ही माझी आई."

शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. त्या महिन्यात आणखी चार म्हाताऱ्यांनी गोळी नाकारली आणि डॉक्टरांनी चौघांच्याही सह्या घेतल्या.