दोन ठिकाणी विचारायचं

ताटाळ्यातून एक झाकण निसटलं आणि ओट्यावर गोल गोल फिरत राहिलं. घरात तेवढाच काय तो आवाज. हेमांगी वाचायची थांबली होती आणि कृणाल उगाचच चष्मा पुसत होता.

"असं लिहिता आलं पाहिजे यार," तो म्हणाला. मॅडमसमोर 'यार' म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

उत्तरा मुलुंडच्या एका शाळेत नववीच्या मुलांना पत्रकारिता शिकवायची. शनिवारी तास, आणि वर्षाच्या शेवटी मुलांनीच काढलेलं 'खडू' नावाचं चार पानी वर्तमानपत्र. अंक उद्या छापायला जायचा होता, म्हणून हे दोघे संपादक रविवारी सकाळी तिच्या घरी प्रुफं तपासायला आले होते.

शेवटच्या पानावर मृत्युलेख होते. ही तिचीच कल्पना. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रं आधीच लिहून ठेवतात, हे कळल्यावर मुलांना भारी गंमत वाटली होती. प्रत्येकाने घरातल्या एकाचा लिहून काढला. कृणालच्या आजीने तर लाटणं उगारलं होतं, "मेल्या, जिवंतपणीच पोचवतोस होय मला?"

मुलांना नमुना म्हणून उत्तरा दरवर्षी आपलाच एक लेख वाचून दाखवायची. वडिलांवरचा. वेसाव्याचे भिकाजी नाखवा. यंदा मुलांनी हट्ट धरला, हाही छापायचा. तिने 'नको रे' म्हणून पाहिलं. मग लेख मोठ्या बाईंनाही आवडला आणि बोलणंच संपलं. हेमांगीने आत्ता वाचलेलं त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'ज्या होडीला त्यांनी माझं नाव दिलं, तीच त्यांना घेऊन गेली.'

"मॅडम, एक विचारू?" हेमांगी म्हणाली. "यात तारीख नाहीये. वेसाव्यातल्या कुणाचा नंबर द्याल का? एखादा फोटो मिळाला तर तोही..."

"कशाला?"

"तुम्हीच सांगता ना, मृत्यूची बातमी दोन ठिकाणी विचारायची. एक घरचं माणूस आणि एक..."

"घरचं माणूस मीच आहे!" उत्तराचा आवाज एकदम चढला. "माझे वडील गेले की नाही, ते तू तपासणार? काही अक्कल आहे का?"

कृणाल फरशीकडे बघत राहिला. हेमांगीचे कान लाल झाले. तिने पेनाला टोपण लावलं, प्रुफं नीट एकावर एक रचली. "सॉरी मॅडम," म्हणाली आणि सरबताला हातही न लावता निघून गेली. कृणालही तिच्या मागोमाग गेला.

आतल्या खोलीतून यज्ञेशने डोकं बाहेर काढलं. तो पहिलीत होता. "आई, ताईला का ओरडलीस?"

"तू चित्र काढ."

दुपारी ताटावर बसल्यावरही त्या मुलीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. कांजूरमार्गहून येणारी पोर. पहिल्या तासाला कुणाच्या नजरेला नजर न देणारी. 'विचारायला लाजायचं नाही, समोरचा चिडला तरी विचारायचं,' हे उत्तरानेच तिच्याकडून घोटून घेतलं होतं. आणि आज पहिल्यांदा तिने ते करून दाखवलं, तर आपण असं. उत्तराला स्वतःची लाज वाटत होती.

"अगं, लहान आहे ती," नंदकुमार म्हणाला. "आणि तूही त्या विषयावर हळवी होतेस. साहजिक आहे ना. आपल्या कोर्सच्या सरांनी सरावाला मृत्युलेख लिहायला दिला होता, आणि तुझा वाचून झाल्यावर सगळा वर्ग गप्प. मी तुझ्याशी पहिल्यांदा बोललो, तो सांत्वन करायला म्हणून. आठवतं?"

"हं."

"मग? सॉरी म्हणून टाक तिला."

तिने हेमांगीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग कृणालला.

"माझाही घेत नाहीये मॅडम," तो म्हणाला. "वाट लागली. ती अंक सोडणार बहुतेक. 'मला काही येत नाही' असं म्हणत होती जाताना."

चार वाजता मेसेज आला. 'मॅडम, संध्याकाळी घरी येऊ का? फोनवर नाही सांगता येणार.'

म्हणजे अंक सोडतेय ती. उत्तराने तो मेसेज परत परत वाचला. मग लगेच लिहिलं, 'ये बाळा. वाट बघते.'

तिने रवा भाजायला घेतला. हेमांगीला शिरा आवडतो, एकदा डब्यातला तिने चाटूनपुसून खाल्ला होता. रवा हलवता हलवता ती मनात वाक्य जुळवत होती. माझं चुकलं. विचारणं तुझं कामच होतं. नाही, इतकं कोरडं नको. आधी जवळ घ्यायचं, मग बोलायचं. एवढ्यावरून ती पोर लिहायचीच थांबली, तर ते पाप आपल्या माथी.

नंदकुमार स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसला होता. "वेलची टाकलीस?" त्याने विचारलं.

बेल वाजली.

"मी! मी उघडणार!" यज्ञेश पळत गेला. उत्तराने गॅस बारीक केला, हात पुसले, कपाळावरचे केस मागे सारले.

दारात बरंच काही बोलणं झालं. हेमांगीचा आवाज, मग एक जाड, खरखरीत आवाज, मग पुन्हा यज्ञेशचा. तो पळतच परत आला.

"आई, हेमांगीताई आलीय. खूप रडलीय ती. आणि तिच्याबरोबर एक आजोबा आहेत. चपला काढून बाहेरच उभे आहेत."

"कुठले आजोबा रे?" नंदकुमारने मान वर केली.

"वेसाव्याचे. म्हणतात, उत्तरा माझी पोरगी."

मटारची शेंग नंदकुमारच्या हातात अर्धी उघडी राहिली. तो उत्तराकडे बघत होता. यज्ञेशने तिचा पदर ओढला.

"आई, ते विचारतायत, आत येऊ का. काय सांगू त्यांना?"